पांढऱ्या गळपट्ट्याचा पाणकावळा

काकांकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी माझा बायोडेटा लाल पेनाने तपासून माझ्या हातात दिला. नोकरीचा नाही, लग्नाचा. आईने चिपळूणहून पाठवलेला कागद मी जेवणाच्या टेबलावर विसरले होते. 'सुशिल'चं 'सुशील' झालं होतं, 'उंची ५.३' ह्याच्यापुढे 'काय? फूट? मीटर?' असं विचारलं होतं, आणि 'स्वभाव : मनमिळाऊ' ह्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात एकच शब्द होता. 'आधार?'

"काका, हे काय?"

"पहिल्या दोन चुका आहेत," चष्मा कपाळावर सारत ते म्हणाले. "तिसरी शंका आहे. शंका आपण परस्पर दुरुस्त करत नाही. लेखकाला विचारतो."

आतून काकू ओरडल्या, "अहो, पोरीला चार दिवस तरी होऊ द्या घरात!"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्या 'आधार?'चं उत्तर खरंच माझ्याकडे नव्हतं. मी तेव्हा अंधेरीला एका तपासणी केंद्रात रिसेप्शनवर होते. सकाळपासून रक्त-लघवीच्या बाटल्यांवर नावं लिहायची आणि लोकांची बोलणी खायची. मनमिळाऊ राहण्यासारखं तिथे काही नव्हतं.

काका चाळीस वर्षं पार्ल्याच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम. पुढे छापखाना बंद झाला, काका निवृत्त झाले, पण चुका दिसायच्या काही थांबल्या नाहीत. सोसायटीची नोटीस फळ्यावर लागली की अर्ध्या तासात तिच्यावर लाल खुणा उमटायच्या. शेवटी सेक्रेटरी नोटीस लावण्याआधीच कच्चा कागद आमच्याकडे पाठवायला लागला. वर्तमानपत्र ते उलटं वाचायचे. म्हणजे शेवटच्या पानावरच्या शेवटच्या शब्दापासून मागे मागे. मी एकदा विचारलं, हे काय खूळ?

"सरळ वाचलं की अर्थ लागतो," ते म्हणाले. "आणि अर्थ लागला की डोळा आळशी होतो. जे असायला हवं तेच त्याला दिसायला लागतं."

"म्हणून ह्यांना बातमी कधीच कळत नाही," काकू म्हणाल्या. "निवडून कोण आलं ते मला सांगावं लागतं."

काकू वेंगुर्ल्याच्या. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण काकांवर चिडल्या की मालवणीत शिरायच्या. "ह्यांका काय सांगूचा!" असं ऐकू आलं की मी माझ्या खोलीतून बाहेर पडायची नाही.

काकांच्या नोकरीतली एक गोष्ट मला काकूंनीच सांगितली. एका संस्थेच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी होती. तीत एका गृहस्थांच्या नावाआधी 'श्री.'च्या जागी 'कै.' पडलं, आणि ते काकांच्या नजरेतून सुटलं. स्मरणिका वाटून झाल्यावर लक्षात आलं. छापखान्याच्या मालकाने सांगितलं, जाऊ द्या, त्यांच्या लक्षातही येणार नाही. काका दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांचा पत्ता काढून त्यांच्या दारात उभे राहिले. दार त्यांनीच उघडलं. काका म्हणाले, "मी तुम्हाला मारलंय, माफी मागायला आलोय." गृहस्थ घाबरून दार लावायला निघाले होते. सगळं कळल्यावर इतके हसले की त्यांना खोकला लागला. पुढे ते गृहस्थ खरोखर जाईपर्यंत दर वर्षी काका त्यांच्याकडे एकदा जाऊन चहा घेऊन यायचे.

पक्ष्यांचं वेड निवृत्तीनंतरचं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. काका चालत खाडीपर्यंत जायचे, जिथून मढला जायची फेरीबोट सुटते. एका बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असायचे, समोर होड्या, आणि पाण्यात ठोकलेल्या खुंटांवर पक्षी बसलेले. पहिले काही दिवस त्यांना ते सगळे कावळे आणि बगळेच वाटले. मग त्यांनी पक्ष्यांवरचं एक पुस्तक आणलं, आधी त्यातल्या छपाईच्या चुका काढल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे तर आपलंच काम आहे. दोन तुतवारांमध्ये, म्हणजे चिखलात चोची मारत फिरणाऱ्या त्या बारक्या पक्ष्यांमध्ये, फरक केवढा, तर चोचीशेजारच्या एका रेघेचा. ऱ्हस्व-दीर्घाएवढा. माणूस हरखून गेला. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अगं, इतकी वर्षं मी ह्या खाडीशेजारी राहतो आणि मला वाटत होतं तिथे नुसता चिखल आहे!"

भाच्याने दिलेला एक जुना डिजिटल कॅमेरा त्यांच्याकडे होता. खिशात मावेल एवढा. त्याने ते लांबच्या खुंटांवरचे पक्षी टिपायचे आणि संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर दाखवायचे. फोटो मोठा केला की पक्ष्याची रांगोळी व्हायची, नुसते चौकोनी ठिपके. "हा खंड्या," ते सांगायचे. मला निळा डाग दिसायचा. मी "वा" म्हणायची. त्यावर त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "बघितलंस की नुसतं दिसलं?"

गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी काका धापा टाकत घरी आले. जिना चढताना एरवी दोनदा थांबायचे, त्या दिवशी थांबले नव्हते. खाडीतल्या खुंटांवर पाणकावळे नेहमीच बसतात. काळे कुळकुळीत, बदकाहून लहान, पाण्यात बुडी मारून मासे धरणारे, आणि मग ओले पंख पसरून खुंटावर वाळत बसणारे. त्यांतल्या एकाच्या मानेभोवती पांढरा पट्टा होता. काकांनी पुस्तक उलटंपालटं केलं. असा पाणकावळा पुस्तकात नव्हता.

पुढचे चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. काकांनी त्या पक्ष्याचं नाव ठेवलं, 'पांढऱ्या गळपट्ट्याचा पाणकावळा'. तो कधी येतो, कुठल्या खुंटावर बसतो, काय खातो, सगळं वहीत. एक गोष्ट त्यांनी विशेष टिपली होती. हा पक्षी फक्त बारीक मासळी खायचा. मोठा मासा धरायचा, चोचीत उलटासुलटा करायचा आणि सोडून द्यायचा. वहीत काकांनी लिहिलं होतं, 'अत्यंत चोखंदळ.'

डिसेंबरात सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी ह्या विषयावर बोलायचं ठरवलं. तीसेक माणसं आली, बरीचशी काकूंच्या चहा-वड्यांसाठी. काका छान बोलले. पडद्यावर ते धूसर फोटो, एक काळा डाग आणि त्याच्यावर पांढरी रेघ. 'आपल्या खाडीत एक असा पक्षी राहतो जो कुठल्याही पुस्तकात नाही,' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग त्यांनी तो मोठा मासा सोडून देण्याचा किस्सा सांगितला. "आमच्या घरात एकच चोखंदळ खाणारी व्यक्ती आहे असं मला वाटत होतं," असं म्हणून त्यांनी काकूंकडे बघितलं. सगळे हसले. मीही हसले.

पार्ल्याच्या एका कॉलेजात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक बाई होत्या. काकांनी त्यांना फोटो पाठवले. आठवड्याने उत्तर आलं. 'नोंद रंजक आहे, पण फोटोवरून काहीच सांगता येत नाही. मानेवर नेमकं काय आहे ते दिसत नाही. अधिक स्पष्ट फोटो मिळाल्यास कळवावे.'

काकांनी ते पत्र दोनदा वाचलं, एकदा सरळ आणि एकदा उलटं.

"बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ही शंका आहे. कॅमेरा बदलायला हवा."

अंधेरी स्टेशनजवळच्या गल्लीत कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. तिथे मी त्यांच्याबरोबर गेले. दुकानदाराने जुना कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "अंकल, ह्याच्यात झूम केलं की होतं काय, जो फोटो आहे ना, तोच कापून मोठा करून देतो हा. नवीन काय दिसत नाय. ह्याच्यात बघा." त्याने दुसरा, चांगला दोन हातांत धरायचा कॅमेरा पुढे केला. बटण दाबलं तशी त्याची नळी सुळकन पुढे आली. "ह्याच्यात लेन्स स्वतः पुढे जाते. आतली चिप पण मोठी, उजेड जास्त पकडते. केस मोजाल तुम्ही, केस!"

काकांनी दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडे कॅमेरा लावला आणि एकदम म्हणाले, "अरे देवा."

"काय झालं?"

"त्या हॉटेलच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात 'उपहारगृह' लिहिलंय. उपाहारगृह पाहिजे. इतकी वर्षं इथून जातो, कधी वाचताच आलं नव्हतं."

कॅमेरा घेतला.

आठ दिवस काकांनी त्याचं माहितीपुस्तक वाचलं. त्यात सतरा चुका निघाल्या, त्या त्यांनी समासात नोंदवल्या. मग घरातल्या घरात सराव सुरू झाला. पहिला फोटो काकूंचा, खिडकीत भाजी निवडतानाचा. लॅपटॉपवर तो उघडला आणि आम्ही तिघंही पुढे झुकलो. खरंच केस मोजता आले असते. गालावरच्या बारीक रेघा, नाकावरचा चष्म्याचा खळगा, मेथीच्या पानावरचं पाणी, सगळं जिथल्या तिथे.

"बाई गं," काकू म्हणाल्या. "एवढं सगळं दिसायलाच हवंय का? जुन्यात मी बरी होते."

काका मात्र फोटोकडे बघतच राहिले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या भुवईत एक पांढरा केस आहे. मला माहीतच नव्हतं."

"आता झालं ना माहीत? बंद करा ते."

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी काका नेहमीपेक्षा लवकर परत आले. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीवर लांब जाऊन बसले. एरवी माझ्या खांद्यावरून डोकावायचे. मला वाटलं, फोटो इतका चांगला आला असणार की मला एकटीने बघू द्यायचाय.

फोटो फारच चांगला होता. पाणकावळ्याची चोच टोकाशी कशी वाकलेली आहे ते दिसत होतं. डोळा हिरवट होता. पाठीवरचं एकेक पीस वेगळं. आणि मानेवर तो पांढरा पट्टा. मी तो भाग मोठा केला. पट्ट्यावर बारीक उभ्या खाचा होत्या, सारख्या अंतरावर. खालच्या बाजूला तुटक टोकं.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. बाटलीचं झाकण फिरवून उघडलं की खाली बाटलीच्या गळ्याला जे प्लास्टिकचं कडं राहतं ना, ते. एखाद्या मोठ्या बाटलीचं असावं. कड्याच्या वरच्या बाजूला पिसं नव्हती. कातडी लाल होती.

"काका..."

"बघितलंस?" ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

काकू हात पुसत आल्या. त्यांनीही बघितलं. आणि काकूंच्या तोंडून जे निघालं ते आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. "म्हणजे मोठा मासा त्याला गिळताच येत नव्हता."

काका उठून गॅलरीत गेले. जेवायला आले नाहीत. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर वही मांडीवर होती. 'अत्यंत चोखंदळ' हे शब्द त्यांनी खोडले नव्हते, नुसते त्यांच्याकडे बघत बसले होते.

"हॉलमध्ये मी विनोद केला," ते म्हणाले. "तो उपाशी होता आणि मी त्याच्यावर विनोद केला. तीस माणसांना हसवलं."

मी म्हटलं, "तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं तर गप्प बसायचं. मला पुस्तकात नसलेला पक्षी हवा होता. मग मला तोच दिसला."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेला. वर ठळक अक्षरात 'शुद्धिपत्र'. पुस्तक छापून झाल्यावर चुका लक्षात आल्या की शेवटी जोडतात, तसं. मजकूर मला अजून पाठ आहे.

'सोसायटीच्या हॉलमध्ये मी दिलेल्या माहितीत पुढील चुका राहून गेल्या. "पांढऱ्या गळपट्ट्याचा पाणकावळा" ह्याऐवजी "गळ्यात प्लास्टिकचे कडे अडकलेला साधा पाणकावळा" असे वाचावे. "चोखंदळ" ह्याऐवजी "उपाशी" असे वाचावे. श्रोत्यांची व सदर पक्ष्याची क्षमा मागतो.'

"हे काय करताय?" काकूंनी विचारलं.

"घरोघरी देणार."

काकूंचा आवाज चढला. "कागद कसले वाटताय? आधी त्या जिवाचं बघा! गळ्याक फास लागलोहा त्येच्या, आणि तुमका तुमच्या चुकीचा पडलाहा!"

"दोन्ही करायचंय," काका म्हणाले.

"मग आधी कुठचा?"

काकांनी हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं. गठ्ठा खाली ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. मीही मागोमाग निघाले.

कोळीवाड्याच्या तोंडाशी मासे विकायला एक मावशी बसायची. आमच्याकडची मासळी तिच्याकडूनच यायची. तिच्या मुलाची, भावेशची, होडी होती. भावेश चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. मावशी काकांना 'फोटूवाले' म्हणायची. काकांनी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो दाखवला आणि झालेलं सगळं सांगायला सुरुवात केली. तिने अर्ध्यातच थांबवलं.

"अवो, ता आमाला म्हाईत हाय! बाटलीचा कडा हाय त्याच्या गल्यात. दिवालीच्या आधीपासून बगतोय आमी. भावेशच्या होडीवरच येऊन बसते ना तो, जवला खायला."

काका तिच्याकडे बघत राहिले. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलाव कवा?" मावशी म्हणाली. "तुमी तिकडून लांबून फोटू काडत व्हते. आमाला वाटला, तुमाला पन म्हाईत असंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण काकांनी शेजारची रिकामी पाटी उलटी केली आणि तिच्यावर बसले. मासळीचं पाणी त्यांच्या पँटला लागत होतं.

"शंका आली की लेखकाला विचारायचं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चाळीस वर्षं हेच केलं. आणि इथे चार महिने समोर माणसं बसली होती, मी एकालाही विचारलं नाही. नवा कॅमेरा आणायला गेलो."

मावशीला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिने त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "तो पकडाचा हाय ना? भावेशला सांगते मी."

पकडणं सोपं नव्हतं. आधी पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेचे दोघे जण येऊन बघून गेले. चांगली माणसं होती, पण म्हणाली, उडता येतंय तोवर हा हाती लागणार नाही, आणि उडता येईनासा झाला तर वाचेल की नाही सांगता येत नाही. कॉलेजातल्या बाईंना काकांनी स्वतः फोन करून चूक कळवली. बाई म्हणाल्या, "असं कळवणारे फार थोडे असतात हो." मग पकडला तर काय करायचं ते नीट सांगितलं. डोक्यावर कापड टाका म्हणजे शांत होतो, छाती दाबू नका, श्वास कोंडेल, आणि तोंड जवळ नेऊ नका, डोळ्यावर चोच मारतो.

भावेशने पाग वापरायचं ठरवलं. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. होडीच्या कडेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबीसारखी मासळी, टाकायचा, पक्षी पाण्यात उतरला की वरून पाग फेकायचा. पहिल्या दिवशी पाग पडायच्या आत तो बुडी मारून दुसरीकडे निघाला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. काका रोज सकाळी होडीत जाऊन बसायला लागले. ह्या माणसाला पोहता येत नव्हतं. काकूंनी पहिल्या दिवशी डबा दिला, दुसऱ्या दिवसापासून रोज देवासमोर पाच मिनिटं जास्त बसायला लागल्या.

मधल्या संध्याकाळी शुद्धिपत्रंही वाटून झाली. सगळे जिने काका स्वतः चढले. काही लोक हसले, काहींनी दारातच घडी करून खिशात घातलं. सेक्रेटरी म्हणाला, "काका, जाऊ द्या ना यार, कोणाच्या लक्षात पण नाय ते."

"नसेल तर हे वाचून येईल," काका म्हणाले आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

तळमजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या, फारशा कोणाशी बोलायच्या नाहीत. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "आता कसा आहे तो?" इतक्या घरांमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच. काका त्यांच्याकडे अर्धा तास बसून आले.

नवव्या की दहाव्या दिवशी, रविवार होता म्हणून, मीही होडीत होते. ओहोटी लागली होती, पाणी संथ होतं. पाणकावळा खुंटावरून उतरला तेव्हाच कळत होतं की त्याच्यात पूर्वीचा जोर राहिलेला नाही. मान बारीक झाली होती. तो जवळ्याकडे पोहत आला. भावेश उभा राहिला, कमरेतून वळला आणि पाग हवेत ताटासारखा उघडून पाण्यावर पडला.

"गावला!" तो ओरडला.

मग सगळं फार भराभर झालं. पाणी उडालं, पंख फडफडले, होडी एका बाजूला झुकली. मी काकांच्या शर्टाला धरलं. भावेशने जाळ्यासकट तो वर घेतला आणि काकूंनी दिलेला ओला पंचा त्याच्या डोक्यावर टाकला. तसा तो थांबला. त्याची छाती मात्र धडधडत होती, बघूनच कळत होतं.

"कापा काका, लवकर!"

काकांच्या हातात काकूंची छोटी कात्री होती, टोक बोथट केलेली. ती त्यांनी एकदा ह्या हातात घेतली, एकदा त्या. मी म्हटलं, मी करू का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. चष्मा कपाळावर सारला, डोळे अगदी मानेजवळ नेले. बाईंनी बजावलेलं सगळं विसरले. करंगळी कड्याखाली घातली, कातडी बाजूला केली आणि कात्री चालवली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा 'टक' असा आवाज झाला.

कडं सुटलं तिथे एक पांढरी-लाल रेघ होती, बोटाएवढी रुंद. वास येत होता. त्याच वेळी पंचा सरकला आणि पाणकावळ्याने काकांच्या अंगठ्यावर चोच मारली. रक्त आलं.

"शिक्का मारला बगा त्याने, आता तुमी त्याचे झालाव," भावेश हसून म्हणाला आणि त्याने जाळं मोकळं केलं.

पक्षी पाण्यात पडला, बुडाला आणि बराच वेळ वर आलाच नाही. आम्ही तिघं पाण्याकडे बघत होतो. काका हलक्या आवाजात म्हणत होते, "ये, ये रे बाबा." मग पार लांब, फेरीबोटीच्या धक्क्याजवळ, एक काळी मान वर आली. तो खुंटावर चढला आणि त्याने पंख पसरले.

भावेशला काकांनी हात जोडले. तो संकोचला. "कशाला काका, असा काय करता. आमच्याच पान्यातला हाय ना तो."

त्यानंतरही काका रोज खाडीवर जात राहिले. मानेवरची पिसं गेलेली ती रेघ नव्या कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसायची, त्यामुळे तो लगेच ओळखू यायचा. रोज संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर त्याची मान मोठी करून बघायची. जखमेवर खपली धरली. मग खपली गेली. पुढे तिथे काळी पिसं यायला लागली, लहान मुलाच्या डोक्यावर जावळ येतं तशी. एकदा त्याने चांगली बोटाएवढी बोय मासळी गिळली, तो फोटो काकांनी काकूंना तीन वेळा दाखवला. वहीत त्यांनी नुसतं लिहिलं, 'गिळली.'

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी काका उन्हातून घामाघूम होऊन आले. काकू जेवायला वाढत होत्या, मी सुट्टीवर होते. त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

"दिसला का?" काकूंनी विचारलं.

"खुंटांवर अकरा पाणकावळे होते," काका म्हणाले. "एकेकाची मान बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. सगळ्या सारख्या. त्यातला तो कुठला ते मला ओळखताच आलं नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी आधी घाबरून काकूंकडे बघितलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. काकांनी ताट पुढे ओढलं, आमटी भातावर घेतली, आणि कितीतरी दिवसांनी सुक्या जवळ्याची चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली.